ओझ्याचा हिशेब उतारावर

पुण्यातून ओझे घेऊन निघालेल्या गाडीला घाट सहसा चुकत नाही. मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडला जायचे तर दिवे घाट, कोकणात उतरायचे तर ताम्हिणी किंवा वरंधा. सोलापूर आणि नगरचे रस्ते तेवढे सपाट. मार्केट यार्डातला कांदा-बटाटा, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधले लाकूड, पेणहून येणाऱ्या गणेशमूर्ती, एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी-देवगडहून येणाऱ्या आंब्याच्या पेट्या, बदली झालेल्या कुटुंबाचे कपाट, पलंग आणि फ्रिज, यातले पुष्कळसे पिकअपच्या हौद्यात बसून यातल्याच एखाद्या घाटातून जाते. आणि गाडी भरताना, मालक असो की ज्याचा माल आहे तो, एकच प्रश्न ऐकू येतो: चढेल का? इंजिन ओढेल का, पाटे बसणार नाहीत ना, कात्रजच्या चढाला गाडी दम तर टाकणार नाही ना. मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. चढावर ओझे जास्त झाले तर गाडी मंदावते, तापते, फार तर उभी राहते. चूक लगेच कळते आणि बहुधा तिथेच निस्तरता येते. उतारावर तीच चूक लपून राहते. गाडी उलट सुखाने, हलकेपणाने धावू लागते, आणि चूक कळते तेव्हा ती निस्तरायला रस्ता उरलेला नसतो. म्हणून गाडीत किती भरायचे हे वाटेतल्या सर्वांत मोठ्या उतारावरून ठरावे, असे माझे म्हणणे आहे. पुण्याभोवतीचे रस्ते एकेक करून पाहिले तर त्याचे पुरावे पावलापावलाला सापडतात.

सुरुवात गाडी भरतात तिथून करू. छोट्या मालगाडीचे पुण्याशी जुने नाते आहे. ‘टेम्पो’ हा शब्द आपण आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला लावतो, पण तो मुळात जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाडीचे नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली, तिच्या तीनचाकी गाड्या रस्त्यावर आल्या आणि नाव मराठीत कायमचे राहिले. २००५ मध्ये टाटांची एस आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ करून टाकले. तिची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. आजच्या मोठ्या पिकअपचे पासिंग दोन टनांपर्यंत जाते. हा ‘पासिंग’ शब्द, म्हणजे गाडीच्या नोंदणीत मंजूर असलेले वजन, धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतो, पण गाडी भरताना डोळा पाहतो तो हौदा भरला की नाही एवढेच, आणि तिथे डोळा हमखास फसतो. कडप्प्याचे उदाहरण घ्या. वीस मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर फरशी साधारण ५४ किलो भरते. अशा तीस फरश्या हौद्यात उभ्या रचल्या तर त्यांची एकूण जाडी जेमतेम दोन फूट होते. बाकीचा हौदा मोकळा दिसतो, आणि वजन १,६०० किलोंच्या वर गेलेले असते. त्याच हौद्यात कोथिंबिरीच्या जुड्या किंवा कापसाच्या गाद्या फाळक्याच्या वर दुप्पट उंचीपर्यंत रचल्या, तरी गाडीचे पाटे हलतही नाहीत. पहिली गाडी रस्त्यावर अर्धी रिकामी दिसते, दुसरी भयंकर भरलेली. मोकळ्या जागेत मग सिमेंटची दहा पोती टाकली जातात, वर दोन माणसे बसतात. काट्यावर जाऊन एक पावती घेतली की हा सगळा भ्रम मिटतो. वजनकाटा पुण्याच्या कुठल्याही औद्योगिक रस्त्यावर मिळतो आणि त्याला लागणारा खर्च एका चहा-नाश्त्याहून फार मोठा नसतो. तरीही घरचे सामान किंवा बांधकामाचा माल भरणारे बहुतेक जण काट्याकडे वळत नाहीत.

हडपसर सोडून दिवे घाटाच्या पायथ्याशी आले की ओझ्याचे आपल्याकडचे सर्वांत सुंदर चित्र डोळ्यांपुढे येते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ याच घाटाने सासवडला जातो (तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडून निघते). घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. हिरवा डोंगर, पताका, टाळमृदंग आणि रथ ओढणाऱ्या बैलांची रांग, हे दृश्य दरवर्षी वर्तमानपत्रांत येते आणि यायलाच हवे. पण परतीच्या वारीत तोच रथ तोच घाट उतरतो, तेव्हा फारसे कोणी जमत नाही. उतरताना रथ ओढायचा नसतो, धरायचा असतो, आणि ते काम मानेपेक्षा पायांवर आणि हाकणाऱ्याच्या जाणतेपणावर येते. घाटातून बैलगाडी उतरवणाऱ्या जुन्या गाडीवानांना हे चांगले ठाऊक होते. चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा आवळून ते गाडी उतरवत, आणि गाडी भरतानाच माल पुढे-मागे कसा बसला आहे ते तपासत. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, बैलांची पकड सुटते. पुढे जास्त झाला की जू मानेवर रुतते. मधला बिंदू साधण्यासाठी गाडीवान जू हाताने उचलून पाही. ते किंचित जड लागले की गाडी बरोबर भरली.

जू उचलून पाहण्याची ही परीक्षा आजच्या ट्रेलरला जशीच्या तशी लागू पडते, आणि पिकअपला मागे ट्रॉली जोडणाऱ्या प्रत्येकाने ती शिकावी असे मला मनापासून वाटते. पुण्यात असे जोडकाम आता सर्रास दिसते. स्लॅब टाकायच्या दिवशी काँक्रीटचा मिक्सर पिकअपच्या हुकाला अडकवून नेतात, जनरेटर नेतात, कंप्रेसर नेतात. हौशी लोक होडी किंवा कॅराव्हॅनही ओढतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा, असा एक प्रचलित दंडक आहे. म्हणजे एक टनाच्या ट्रॉलीचे शंभर-दीडशे किलो हुकावर. भार आसाच्या मागे गेला तर ट्रॉली उलाळ होते, हूक वर खेचला जातो, ओढणाऱ्या गाडीची मागची चाके हलकी होतात आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी डुलू लागते. सपाट रस्त्यावर हे डुलणे वेग उतरवून आटोक्यात येते. उतारावर मात्र ट्रॉली पुढच्या गाडीला मागून रेटत असते आणि वेग आपोआप वाढत असतो. घाबरून ब्रेक मारला, तर स्वतःचा ब्रेक नसलेली ट्रॉली सरळ न थांबता कडेने पुढे येऊ पाहते आणि गाडी आणि ट्रॉली कात्रीसारखी मिटतात. मिक्सरसारखे यंत्र तर उंच, एका बाजूला जड, बहुतेकदा बिनब्रेकचे. ते ओढणारी गाडी कितीही ताकदीची असो, थांबवायचे वजन एकाच गाडीच्या चार चाकांवर येते. कायदा ट्रेलरला स्वतंत्र वाहन मानतो, त्याची नोंदणी वेगळी करायला लावतो. वाटते तितकी ही निव्वळ कागदपत्रांची कटकट नाही. ज्याचे वजन वेगळे, त्याचे थांबणेही वेगळे, हा विचार त्यात आहे.

मुंबईच्या वाटेवर खंडाळ्याहून खाली पाहिले की उताराचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. रेल्वेमार्ग बोरघाटात सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढतो. रस्त्याचा फरकही तेवढ्याच घरातला. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. हे वजन साडेपाचशे मीटर खाली येताना जितकी ऊर्जा सुटते, तितक्या उष्णतेने पन्नास लिटर थंड पाणी उकळीला येईल. जुन्या वाड्यातले दोन मोठे बंब डोळ्यांपुढे आणा. ब्रेक दाबला म्हणून ही ऊर्जा नाहीशी होत नाही, ती उष्णता होऊन लायनर आणि ड्रममध्ये मुरते. थोडा वाटा हवा खाते, थोडा टायर खातात. गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर मोठा वाटा इंजिन खाते. उरलेले सगळे चार चाकांमधल्या तळहाताएवढ्या पट्ट्यांवर येते. त्या तापल्या की आधी वास येतो, मग पायाखालचे पेडल कडक राहूनही गाडी धरत नाही. हे एकूण वजन दीडपट केले की बंब दोनाचे तीन होतात, पट्ट्या तेवढ्याच राहतात.

या घाटात रेल्वे सुरू झाली १८६३ साली. चढ सदतिसास एक, पंचवीस बोगदे, आणि त्या काळातली कमकुवत इंजिने. कर्जतला गाडीमागे जादा इंजिने लागतात, हे प्रत्येक पुणेकर प्रवाशाला माहीत असते, कारण गाडी तेवढ्यासाठी थांबते आणि कर्जतचा वडा तेवढ्यात मिळतो. रेल्वेने उतरणीसाठी काय केले, ते मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. उताराच्या वाटेवर ठिकठिकाणी मुख्य मार्गातून फुटून डोंगराकडे चढत जाणारे आंधळे फाटे आहेत. सांधा नेहमी त्या फाट्याकडे लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचे, मगच मुख्य मार्ग खुला होतो. जी थांबू शकत नाही ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर जिरते. मला या योजनेचे फार मोल वाटते. गाडी थांबेल असे गृहीत धरायला रेल्वेने तिथे नकार दिला, आणि उतार बदलता येत नव्हता म्हणून उतरण्याची रीत बदलली. रस्त्यावरच्या पिकअपला असा सांधेवाला भेटत नाही. तिथे तो निर्णय सुटण्यापूर्वीच, काट्यावर आणि पहिल्या गिअरबदलाला, चालकाने स्वतः घ्यायचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो गाड्या सुधारल्याचा. आता पुढे डिस्क ब्रेक आहेत, एबीएस आहे, इंजिने दुप्पट ताकदीची आहेत, मग जुन्या बैलगाडीची आणि वाफेच्या इंजिनाची भीती कशाला? सुधारणा खरी आहे आणि तिने जीव वाचवले आहेत. पण कंपनी ब्रेकचे माप काढते ते पासिंगच्या वजनासाठी. अडीच टन माल भरून दीड टनाच्या ब्रेककडून काम मागणे हे त्या सुधारणेचा फायदा आधीच खर्चून टाकणे आहे. शिवाय इंजिनाची वाढलेली ताकदच इथे घात करते. पूर्वी जास्त भरलेली गाडी चढाला अडून मालकाला ताकीद देई. आता तीच गाडी तक्रार न करता माथ्यावर पोचते आणि ताकीद मिळायची राहून जाते. दुसरा आक्षेप डिझेलचा. उतारावर न्यूट्रल केले की इंधन वाचते, हा समज महामार्गावर घट्ट बसलेला आहे आणि महागाईच्या दिवसांत तो ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही. मात्र तो चुकीचा आहे. आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा बंदच होतो. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते. ब्रेक दाबतच उतरावा लागणाऱ्या घाटात न्यूट्रल करणारा डिझेलही जाळतो आणि लायनरही. इंजिन बंद करून उतरणाऱ्याचा ब्रेकचा बूस्टरही लवकरच साथ सोडतो आणि पेडल दगडासारखे होते.

साताऱ्याच्या रस्त्याने निघाल्यावर कात्रज चढून पुढे खंबाटकी लागतो. साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा संपल्यावर उतारावर जे एस वळण आहे, तिथे १० एप्रिल २०१८ च्या पहाटे मजुरांना घेऊन निघालेला टेम्पो उलटला आणि अठरा जणांचा जीव गेला. कर्नाटकातून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेली ती माणसे होती. मालाच्या गाडीत माणसे का बसतात याचे उत्तर गरिबीत आहे, आणि जादा भराईचा तिसरा आक्षेपही तिथूनच येतो. तो मला सर्वांत वजनदार वाटतो. टेम्पोवाला म्हणतो, खेपेचे भाडे ठरलेले, हप्ता ठरलेला, टोल आणि डिझेल वाढलेले. पासिंगइतकेच भरले तर घर कसे चालवू? त्याला नियमांचे पुस्तक दाखवून हा प्रश्न सुटत नाही. पण ही जादाची भराई मागतो कोण, ते पाहावे. ‘एकाच खेपेत होऊन जाऊ दे’ हे वाक्य सामान हलवणाऱ्या कुटुंबाचे असते, फरशी मागवणाऱ्या घरमालकाचे असते, कंत्राटदाराचे असते. दुसऱ्या खेपेचे भाडे वाचवणारे आपण असतो आणि त्याची जोखीम चालकाच्या आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या अंगावर टाकतो. मोटार वाहन कायद्याचे १९४ वे कलम जादा वजनाची गाडी चालवणाऱ्याइतकेच ती चालवायला लावणाऱ्यालाही धरते: २०,००० रुपये दंड, प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च. या कलमाचा चालवायला लावणाऱ्याला धरणारा भाग प्रत्यक्षात येईल, तेव्हा टेम्पोवाल्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ मिळेल.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर आणावे म्हणून लढा दिला, तेव्हाही व्यापार बसेल, खेपा दुप्पट होतील, असेच म्हटले गेले. माणसाच्या पाठीला मर्यादा आहे हे मानायला या शहराला वर्षे लागली, पण ते मानले गेले आणि मार्केट यार्ड बंद पडले नाही. यंत्राच्या पाठीलाही मर्यादा असते हे मानणे त्याहून अवघड नसावे. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की हलक्या वाहनाचा परवाना असणारा माणूस साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. रोजगाराच्या दृष्टीने हा निकाल योग्यच आहे. पण परवान्याची परीक्षा रिकाम्या गाडीवर होते. भरलेली गाडी घाट उतरवण्याचे शिक्षण परवान्यासोबत येत नाही, ते वेगळे मिळवावे लागते.

आता परतीची वाट. बोरघाटाचा उतार पुण्याकडे पाठ करून आहे. तिथे बेताबाहेर गेलेली गाडी खोपोलीच्या बाजूला जाते. कात्रजचे नेमके उलटे आहे. जाताना चढ, येताना उतार, आणि त्या उताराच्या तोंडाशी थेट शहर. साताऱ्याहून येणारी भरलेली गाडी नव्या बोगद्यातून बाहेर पडते ती लांबलचक, रुंद, गुळगुळीत उतारावर. वळणे मोठी, समोर सारे पुणे पसरलेले, घर जवळ आलेले. घाट संपला असे मनाला वाटते आणि पाय हलका होतो. प्रत्यक्षात वेग धरायची खरी जागा तिथे सुरू झालेली असते, आणि खाली नऱ्हे, वडगाव, नवले पुलाशी शाळा-कॉलेजची, कामावरून परतणारी माणसे असतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने तिथे किमान दोन डझन गाड्यांना चिरडत नेले. चालकाने उतारावर गाडी न्यूट्रल केली असावी, असे प्राथमिक तपासात पुढे आले होते. त्यानंतर वेगमर्यादा उतरल्या, फलक लागले, रस्त्यावर पट्टे आले, तरी ही जागा अजून शांत झालेली नाही. दोष रस्त्याच्या आखणीचा आहे, इतका उतार वस्तीच्या तोंडाशी सोडायलाच नको होता, हा आक्षेप मला मान्य आहे. रस्ता दुरुस्त व्हायलाच हवा आणि त्यासाठी नागरिकांनी भांडत राहायला हवे. पण बोरघाटातल्या रेल्वेनेही उतार काढून टाकला नव्हता. आणि रस्त्याचे काम पूर्ण होईतो या उतारावरून गाड्या उतरतच राहणार आहेत.

तोवर शिंदेवाडीच्या बाजूने बोगद्यात शिरण्याआधी, रस्ता अजून चढता असताना, गाडी कडेला सुरक्षित जागी दोन मिनिटे घ्यावी. फाळक्याच्या साखळ्या आणि ताडपत्रीच्या दोऱ्या पाहाव्यात. ट्रॉली असेल तर हुकाची खिळी आणि सुरक्षा साखळी हाताने ओढून पाहावी. चाकाजवळ हात नेऊन, न टेकवता, कोणते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले आहे का ते पाहावे. मग ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार सुरू करावा आणि पुलाखालचा पहिला सिग्नल येईपर्यंत तो सोडू नये. मागचा हॉर्न वाजवील, डावीकडून एखादी कार सणकन निघून जाईल. जाऊ द्यावे.